आपलंच बोला, मावशी

ताडकळसच्या बाजारात इंटरनेटवरचं टीव्हीवर दाखवणारे डबे अन् कांड्या विकणारा एक गडी आहे. ही यंत्रं तो बैलासारखी पारखतो; पाठीवर हात ठेवून तापट कोणतं, गरीब कोणतं ते सांगतो. त्याचं ऐकायला बसलेला माणूस दाढी वाढवूनच उठतो.

परवा एक मावशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि कीर्तनासाठी रोज सुनेची मनधरणी नको होती. त्यानं आधी बोललेलं ऐकून चालणारा महागडा डबा दाखवला. त्याच्या रिमोटमध्ये त्या म्हणाल्या, "कीर्तन लाव रं बाबा." डबा ढिम्म. मावशी ओशाळून शहरी बोलायला लागल्या.

त्यानं रिमोट काढून घेतला. "आपलंच बोला, मावशी. डबा बदलू की!"

शेवटी सगळ्यात स्वस्त कांडीनं कीर्तन लावलं. तीच बांधून देताना त्यानं महागड्या डब्याकडं नापास पोराकडं बघावं तसं बघितलं.