सफारीवाला आत, अक्का बाहेर

नाना गेल्याची बातमी खरं तर मला सगळ्यांच्या आधी कळायला हवी होती, कारण ते गेले त्या खोलीतच मी होतो. कळली मात्र सगळ्यांच्या शेवटी. तेव्हा मी शेजारच्या खाटेवर आडवा होतो आणि एक सिस्टर माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या.

नाना म्हणजे माझे मेहुणे, थोरल्या अक्काचे यजमान. पारोळ्याजवळ त्यांची कापसाची शेती. मला मोटारसायकल शिकवायचा अविचार त्यांनीच केला. मी ती थेट वेचून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात घातली, तेव्हा मला बाहेर ओढत म्हणाले, "शालक, पुढच्या वेळी निदान दगड बघून धडक, म्हणजे आठवण राहील!" कागदोपत्री ते विश्वासराव. पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. गाव, पोरं, खुद्द अक्का... सगळ्यांचे ते नानाच.

गेल्या महिन्यात धुळ्याला लग्नात पंगत वाढता वाढता नाना छाती धरून खाली बसले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. दारात शिपायानं हात आडवा केला. "बाई, बाहेर. नातेवाईक आत नाहीत."

"मना मालक शेतस त्या!" अक्का म्हणाली.

"असतील. बाहेर."

आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. लग्नासाठी मी नवीकोरी पांढरी सफारी शिवली होती, खिशाला दोन पेनं. एकातही शाई नव्हती. "या साहेब," म्हणत त्यानं दार उघडलं. म्हणजे तीस वर्षं संसार केलेली बाई लुगड्यात होती म्हणून बाहेर, आणि ज्याला इंजेक्शनची सुई पाहून घाम फुटतो तो शिंप्याच्या कृपेनं आत!

आत एक तरुण डॉक्टर दोन्ही हातांनी नानांची छाती दाबत होता. जीव तोडून दाबत होता, त्याला मी बोल लावणार नाही. मधेच केसपेपर पाहून ओरडायचा, "विश्वासराव! विश्वासराव, डोळे उघडा!" दाराच्या फटीतून अक्काचा आवाज आला, "नाना म्हना त्यासले! नाना!" कुणीतरी फट बंद केली. तेच सांगायला मी तोंड उघडलं, आणि नानांचा हात खाटेवरून खाली लोंबताना दिसला... पुढचं मला ठाऊक नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या तोंडावर पाणी मारता मारता सिस्टर दाराशी उभ्या अक्काला सांगत होत्या, "बघितलंत? म्हणूनच आम्ही घरच्यांना आत घेत नाही."

"हाऊ धाकलपनपासून असाच शे," अक्का म्हणाली. "माले येऊ द्या ना मझार."

आता येऊ दिलं. आता सगळ्यांनाच येऊ दिलं, कारण नानांच्या तोंडावर चादर ओढली गेली होती. जिवंत माणसाजवळ बायको नको, मेलेल्याजवळ चालते, हा कुठला नियम? अक्का आत असती तर नाना वाचले असते, असं मी म्हणत नाही. पण तो लोंबणारा हात तिनं धरला असता. कानाशी ओळखीची हाक गेली असती. घेरी आली सफारीला आणि शिक्षा झाली लुगड्याला... याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये.

परवा पारोळ्याला गेलो. नानांच्या खोलीत शिरताना ठेच लागून मी कळवळलो. अक्कानं दाराला वरवंटा लावून ठेवला होता. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून असेल, आणि आता तर वारा नव्हता, असं समजून मी तो नीट भिंतीशी सरकवायला वाकलो.

"हात नको लावू, भाऊ," ती आतून म्हणाली. "दार लागी जाई."