सातचा मिस्ड कॉल

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी बॅग गाडीत चढवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "आजपर्यंत बॅग माझी असायची. हात हलवूचा काम आता माझा." आणि हलवला हात, पण कसा! ट्रॅफिक पोलिसासारखा. सवयच नव्हती बिचाऱ्यांना. पंचवीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेली. त्याच स्टँडवर आई आणि मी उभ्या राहून त्यांना हात करायचो. मागे राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. मला हसू फुटलं. घाट लागेपर्यंत हसत होते, मग रडले.

गावात सगळ्यांचा एकच प्रश्न होता: जहाजांचं काम, आणि बेंगळुरूला? तिथे समुद्र कुठे मेलाय? प्रश्न बरोबर होता. बेंगळुरूच्या कडेला बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी अकरा वर्षं आहे, तिथून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी एका दिवसाच्या वाटेवर. पण जहाजांवरची आणि यॉटवरची कंट्रोल पॅनल आम्ही तिथेच बनवतो. कपाटाएवढ्या लोखंडी पेट्या असतात. एक जनरेटर बंद पडला की दुसरा आपोआप चालू करायचा, तळाशी पाणी साचलं की पंप लावायचा, काही बिनसलं की भोंगा वाजवायचा, हे त्यांचं काम. मी त्या तपासते, सही करते, ट्रकवर चढवून देते. ज्या जहाजासाठी पेटी बनवली ते मी एकदाही बघितलेलं नाही.

सुरुवातीला या शहराने मला चक्रावून टाकलं. वायरिंगच्या विभागात शंकरण्णा होते. त्यांचं घराणं मराठीच, पण बेंगळुरूतल्या शिवाजीनगर भागातलं, कित्येक पिढ्या इथलंच. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "अक्का, ती वायर स्वल्प हिकडं घ्या, सरी?" मी बघतच राहिले. बापाच्या वयाचा माणूस मला अक्का म्हणतोय, आणि ही मराठी कुठली? पुढे मीच फोनवर "बरं, बरं"च्या जागी "सरी, सरी" म्हणायला लागले आणि बाबा वैतागायचे.

आमच्या पॅनलमध्ये एक गोष्ट असते, तिला सगळे 'डेड मॅन अलार्म' म्हणतात. इंजिनरूममध्ये माणूस एकटा उतरला की घड्याळ सुरू होतं. अर्ध्या तासाच्या आत त्याने बटण दाबायचं, म्हणजे मी आहे, जिवंत आहे. नाही दाबलं तर वर कॅप्टनच्या डोक्यापर्यंत भोंगे बोंबलतात. मी हे बाबांना कौतुकाने सांगायला गेले तर ते खो खो हसले. म्हणे, आम्ही चहा पीत बसायचो आणि जाता-येता जो कोणी भेटेल त्याला सांगायचो, तेवढं बटण दाब रे. जहाजाला काय कळतंय कोणी दाबलं ते!

आई गेल्यावर बाबा एकटे राहिले. तेव्हा मीच डोकं चालवलं. मीच! त्यांना म्हटलं, रोज सकाळी सातला मला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग. मी उचलणार नाही, पण मला कळेल तुम्ही ठीक आहात. ते कबूल झाले. कधी पावणेसातला यायचा, कधी सव्वासातला, कधी पाच-पाच रिंगा वाजवत बसायचे. रविवारी मात्र निवांत बोलायचं असं ठरलं होतं. खरं सांगते, हळूहळू रविवारही सुटायला लागले. मिस्ड कॉल आलाय ना? झालं तर मग.

यंदा एका मोठ्या यॉटचं पॅनल आमच्याकडे आलं. त्याची तपासणी बघायला परदेशातल्या, यॉट बांधणाऱ्या यार्डातून दोन माणसं येणार होती आणि पास झालं की समुद्रावरच्या ट्रायलला माझं जायचं ठरलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी जहाजावर पाय ठेवणार! बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढे खूष झाले की निम्म्या गावाला सांगून आले. पुढचे दोन्ही रविवार मी कारखान्यातच होते. मिस्ड कॉल येत होता, रोज, बरोब्बर सातच्या ठोक्याला. मी मनात म्हटलंसुद्धा, वा, बाबांना शिस्त लागली!

तपासणीला दोन दिवस होते. कंपनीची बस होसूर रोडवर अडकली होती, शंकरण्णा शेजारी बसले होते आणि मी फोनवर चाचण्यांची यादी वर-खाली करत होते. सात वाजले, फोन वाजला आणि बोटाच्या झटक्यात तो उचलला गेला. कानाला लावला. पलीकडून बाईचा आवाज, घाबरलेला: "अगो बाय माझे! तू फोन कशाक उचललंस?"

सुलूमावशी होती. शेजारीण. बाबांच्या फोनवरून.

मी काय विचारलं ते आठवत नाही. तिचं मात्र शब्दन् शब्द आठवतं. बाबा सोळा दिवसांपूर्वी विहिरीच्या पंपाशी घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. गोव्याला नेलं, ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली, पाच दिवस आयसीयूत होते. आणि सोळाच्या सोळा दिवस ही बाई सातच्या ठोक्याला मला दोन रिंगा देत होती!

सोळा दिवस मी मजेत इडली खाऊन कारखान्यात जात होते, बस चुकली म्हणून चिडत होते, आणि तिकडे माझा बाप... शंकरण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला, सगळं ऐकलं आणि बसचं दार उघडायला लावलं. "तुम्ही जावा अक्का. साहेबांना मी सांगतो. आता बाकी काही बघू नका, सरी?" मी तिथूनच कॅब केली. देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंत अख्खं शहर ओलांडताना मी एकच हिशेब मांडत होते: बाबा गेले असते, तर मला कधी कळलं असतं?

गोव्याच्या इस्पितळात, वॉर्डात बाबा अर्धे झालेले दिसले. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. मला बघून आधी दचकले आणि मग चक्क रागावले. "तू हय कित्याक इलंस? तुझी टेस्ट?"

माझा पारा चढला. सगळा वॉर्ड ऐकत होता, ऐकू दे. मी विचारलं, लाज नाही वाटत? मी परकी आहे? ते म्हणाले, जहाजावर असताना त्यांचे दोनदा हाल झाले होते, एकदा तर कुठल्याशा बंदरात तीन आठवडे इस्पितळात होते, आणि आईला पत्र एकच: मी मजेत आहे. "घराक कळवून काय होतला? पोहत येतली काय?" हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. मी किंचाळले, "आणि गेला असतात तर?"

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "ता पण सुलूक सांगान ठेवललंय. तुझी टेस्ट होयसर देत रव, म्हटलां."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. म्हणजे माणूस गेला, चितेवर चढला, तरी मला सकाळी सातला बाबा ठीक असल्याचं कळत राहिलं असतं! मी सुलूमावशीकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला. "देवाशपथ, माका जमला नसता गो." पण तिला जमलं असतं. तिने बाबांना शब्द दिला होता आणि मीच तिच्या हातात बटण देऊन ठेवलं होतं.

तपासणी दुसऱ्या इंजिनिअरने केली. ट्रायलला तोच गेला. बाबांना याचं अजून वाईट वाटतं, मला नाही. आता मिस्ड कॉल बंद. रोज बोलायचं, भांडायचं असेल तर भांडायचं, आणि वाईट असेल ते आधी सांगायचं. गावाला राहिलेल्यांनो, आमच्या कामाची एवढी काळजी करू नका हो. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, फोन उचला. घर कुठे, असं विचारलं तर पूर्वी मी वेंगुर्लं सांगायचे, मग काही वर्षं बेंगळुरू सांगितलं. आता एवढंच म्हणते की जिथलं दुखणं माझ्यापासून लपवलं जात नाही, ते माझं घर.

गेल्या आठवड्यात ऐन तपासणीत, क्लायंटसमोर, बाबांचा फोन आला. मी उचलला. "चेडवा, आज बाथरूमात पाय सरकलो. पडता पडता वाचलंय. काय झाला नाय, पण म्हटलां तुका कळवया."

मी फोन ठेवला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागले. शंकरण्णा धावत आले. "काय झालं अक्का? घरी काही वाईट?"

"नाही हो," मी म्हटलं. "त्यांनी मला सांगितलं."