डाव्या बरगडीतलं कोपर

त्याचं कोपर माझ्या डाव्या बरगडीत बसलं, की माझी पाळी. त्याच्या तोंडात सॅक्सोफोन, दोन्ही हात गुंतलेले, मग सांगणार कशाने? वाजवणं थांबलं की मात्र म्हणायचा, "लागलं काय रे? लागलंच पाहिजे. त्याशिवाय तू जागा होतोस कुठे?"

आमच्या उमेळे गावातल्या लग्नांत आमचा बँड तुम्ही ऐकला असेल. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाच्या अंघोळीचं पाणी आणायला सगळी विहिरीवर निघतात, तेव्हा सगळ्यांत पुढे आम्ही दोघं. परत येतानाची चाल आमची स्वतःची, दोघांनी मिळून बसवलेली. तो सॅक्सोफोनवर सवाल टाकायचा, मी ट्रम्पेटवर जवाब द्यायचो. कागदावर एक अक्षर नव्हतं. सगळं त्याच्या कोपरात.

गणवेशाची टोपी त्याने कधी घातली नाही. "केस दिसायला नकोत?" केस होते कुठे!

अशाच एका लग्नाला परदेशी पाहुणे आले. गावोगाव कार्यक्रम करत फिरणारा, सोल नावाचं अमेरिकन संगीत वाजवणारा बँड होता त्यांचा. त्यातला एकजण नवरीच्या भावाचा दोस्त. आमची चाल ऐकून ती माणसं विहिरीपासून मांडवापर्यंत नाचत आली. जेवताना माझ्या ह्या जोडीदाराशी बराच वेळ बोलत बसली. इंग्रजी त्याला यायचं, मला नाही.

निघताना मी विचारलं, "काय म्हणतात?"

"मुंबईच्या कार्यक्रमात आपली चाल घ्यायची म्हणतात. पण माणूस एकच पाहिजे."

"मग जा की तू," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. त्याचा कोट मीच इस्त्री करवून आणला.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ नातीने मोबाइलवर दाखवला. केवढा मंच, केवढे दिवे! टोपी नव्हतीच. त्याने आमचा सवाल वाजवला. छान वाजवला, खोटं का बोलू? आणि सवाल संपताच सवयीने उजवं कोपर बाहेर काढलं. तिथे कोणी नव्हतं. मग मागून त्यांच्या ट्रम्पेटवाल्याने माझा जवाब वाजवला.

टाळ्या झाल्यावर त्यांची गाणारी बाई काहीतरी बोलली. नातीने व्हिडिओ थांबवला.

"सांग ना गं, काय म्हणते?"

"आजोबा, ती म्हणते, बोलावलं दोघांना होतं. पण दुसऱ्याचा दम गेलाय, असं ह्यांनी कळवलं."

पुढच्या आठवड्यात तो मिठाई घेऊन आला. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"माझा दम गेला?"

त्याने मान खाली घातली. "तू आला असतास तर लोकांनी तुलाच ऐकलं असतं. इथे ऐकतात तेवढं पुरत नाही तुला?"

एवढी वर्षं शेजारी चालणारा माणूस मनात हे घेऊन चालत होता. मला वाटायचं, ताल धरतोय.

"मिठाई घेऊन जा," म्हटलं आणि दार लावलं. बाहेरून म्हणाला, "अरे, ऐक तरी." नाही ऐकलं.

आता तो त्यांच्याबरोबरच फिरतो. त्याचे निरोप येतात. मी जवाब देत नाही. जवाब द्यायला त्यांचा ट्रम्पेटवाला आहे ना.

परवा विहिरीवरून येताना दोन्ही बाजू मीच वाजवल्या. त्याच्या जागी दुसरा कोणी घेऊ, असं बँडवाले म्हणाले, मी नको म्हणालो. सवाल नीट गेला. जवाबाला ओठ तयार, छाती भरलेली, आणि बरगडी वाट बघत राहिली. ड्रमवाला पुढे निघून गेला.

मागून कोणी बाई म्हणाली, "म्हाताऱ्याचा दम गेला गं."