ठेंगणं दार आणि आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. घरात लिहिणारं कोणी नाही, म्हणून मीच बसलोय. जमेल तसं गोड मानून घ्या.

भाऊजी ताडमाड उंच. लग्नाचं बोलायला आमच्याकडे आले, तेव्हा दारातून आत येताना खाली वाकले. दार चांगलं उंच होतं, तरी वाकले. वडील तिथेच विरघळले. "किती नम्र मुलगा!" ताईचं लग्न ठरलं. महिन्याभरात ताई माहेरी आली ती कपाळाला हात लावूनच. "बाबा, नम्रता नुसती मानेत आहे हो. बाकी सगळा माणूस ताठ!"

वाकण्याचं कारण वेगळंच होतं. भाऊजी एका ट्रस्टच्या जुन्या बंगल्याची देखरेख करत. लांबून लोक तो बघायला येत. बंगला ट्यूडर म्हणतात त्या जुन्या इंग्रजी धाटणीचा. उंच उतरती छपरं, विटांची पीळदार धुराडी, पत्त्यांतल्या चौकटीसारख्या काचांच्या खिडक्या आणि पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडांच्या आडव्यातिडव्या पट्ट्या. पाहणाऱ्याला वाटावं, घर या लाकडांवरच उभं आहे. खरं तर त्या नुसत्या ठोकलेल्या फळ्या. मूळ मालकाला आपलं कोरं घर शेकडो वर्षं जुनं दिसायला हवं होतं, म्हणून त्याने दारंही ठेंगणी करवली. त्या दारांतून वाकून वाकून भाऊजींची मान कुठल्याही दारात आपोआप खाली जाई.

दिवाणखान्याच्या दारावरची तुळई मात्र खरी. वरची भिंत तिनेच पेललेली. भाऊजी तिला मायेने तेल पाजत. "या घरात एवढं एकच लाकूड खरं आहे," म्हणायचे. यावर ताई म्हणे, "माझ्या डोक्याला कधी इतक्या प्रेमाने तेल लावलं नाहीत!"

एकदा ट्रस्टचे नवे अध्यक्ष बंगला बघायला आले आणि त्यांचं टक्कल त्या तुळईवर खाडकन आपटलं.

"कापून काढा हिला! दार उंच करा. सोमवारी सुतार घेऊन येतो."

त्या रात्री भाऊजी भरल्या ताटावरून उठले.

"अहो, जाऊन विनवणी करा की," ताई म्हणाली. "वाकता येतंच तुम्हाला."

"दारात येतं. माणसापुढे नाही जमत."

सोमवारी सकाळी मात्र त्यांनी बंगल्याच्या ऑफिसातला अध्यक्षांचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि दिवाणखान्यात, दाराच्या बरोब्बर समोर टांगला.

अध्यक्ष डोक्यावर हात ठेवून जपून आत आले. मागून सुतार. तेवढ्यात बंगला बघायला आलेली मंडळी येऊ लागली. एकेक जण दारात येई, फोटोसमोर कमरेत वाकून आत शिरे. बायका वाकल्या, म्हातारे वाकले, एक गलेलठ्ठ गृहस्थ तर हातातली टोपी छातीशी धरून वाकले.

अध्यक्ष बघतच राहिले. "हे रोज असंच चालतं?"

"कुणाला सांगावं लागत नाही, साहेब."

अध्यक्षांनी घसा खाकरला. सुताराला म्हणाले, "राहू द्या. जुनी वास्तू आहे, उगाच हात कशाला लावायचा?"

जाताना फोटोकडे वळून बघण्याच्या नादात त्यांचं टक्कल पुन्हा आपटलं. भाऊजी पुढे धावले. अध्यक्ष डोकं चोळत म्हणाले, "काही नाही, काही नाही. माझंच चुकलं."

तुळई वाचली. ताई अजून चिडवते, "माणसापुढे वाकत नव्हता ना? आता रोज त्यांच्या फोटोपुढे वाकता!"

"मी तुळईखाली वाकतो," भाऊजी म्हणतात. "तो फोटो मध्ये आलाय."