ओल्या मातीत कोरलेलं

"रविवारच्या विमानाआधी मला काहीतरी दाखव," असं सुदामदादा फोनवर म्हणाला, तेव्हा जाणवलं की अकरा वर्षांत मी त्याला कतारमधलं काहीच दाखवलं नव्हतं. तो माझा मावसभाऊ. मी अल खोरला कंपनीच्या घरात राहतो, तो बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत सहा जणांच्या खोलीत. कटरवर दगड आणि फरश्या कापून त्याची फुप्फुसं धुळीनं निकामी झाली होती. आता कायमचं गावी परतायचं होतं.

शुक्रवारी निघालो. अल खोरहून दोहा पाऊण तास, दादाला घ्यायला इंडस्ट्रियल एरियाचा वळसा, म्हणजे अर्धा तास जास्त धरा. संग्रहालयं शुक्रवारी दुपारीच उघडतात. वाटेत करक चहा घेतला. दादानं अर्धा कप तसाच ठेवला.

त्याला चालवणार नाही म्हणून एकाच दालनाचं प्रदर्शन निवडलं होतं. जुन्या काळच्या चिनी विद्वानांच्या मेजावरच्या चिनी मातीच्या वस्तू: कुंचले उभे ठेवायचं भांडं, शाईत पाणी सोडायची लिंबाएवढी झारी, कुंचला टेकवायला पाच शिखरांचा डोंगर. एका भांड्यावर पाइनची झाडं कोरलेली. कोरलेल्या रेघांत झिलई साचून हिरवी गडद झालेली.

दादा काचेला नाक लावून बघत राहिला. "ह्या रेघेची कड बघ. कुठंच टवका न्हाई. वल्ल्या मातीत कोरलंय ह्ये, भाजायच्या आधी." मग बराच वेळ खोकला. सावरल्यावर म्हणाला, "कोरणाऱ्याच्या नाकात धूळ गेली नसंल."

नेपाळी सुरक्षारक्षक धावत आला. त्यानं स्वतःची खुर्ची पुढे केली. "बैठो भाई, आराम से."

"तुम्हाला मास्क देत नव्हते?" मी दादाला विचारलं.

"द्यायचे की. चाळीस डिग्रीत घालून बघ एकदा."

मला विचारायचंच होतं, तर आधीची अकरा वर्षं मोकळी होती.

परतताना त्याला खोलीवर सोडलं. "लय भारी काम होतं," एवढंच तो म्हणाला. गावी परतल्यावर तिसऱ्या महिन्यात तो वारला.

दिवस झाल्यावर वहिनींचा फोन आला. "भाऊजी, त्या दिवसाचा ह्यांचा एखादा फोटो पाठवा ना. तिकडचा एकबी न्हाई आमच्याकडं."

मी मोबाइल उघडला. बासष्ट फोटो. भांडी, झारी, डोंगर, पाइन, झिलई. सुदामदादा एकाही फोटोत नाही.

वहिनींना अजून उत्तर दिलेलं नाही.