थंडघराचं दार

नदीकाठच्या गोदामात एक थंडघर होतं आणि त्या थंडघराला दोन कुलपं. एकाची किल्ली कुलूपकाकांच्या कमरेला, दुसऱ्याची परदेशी बाईंच्या गळ्यात. जगभरच्या देशांनी मिळून औषधांची एक संस्था काढली होती, गोदाम तिचं, आणि बाईंनाही तिनंच धाडलेलं. एकट्या माणसाने माल परस्पर विकू नये म्हणून ही व्यवस्था. रोज सकाळी दोघांनी मिळून दार उघडायचं, पारा बघायचा, आकडा मोठ्याने बोलायचा आणि दार लावायचं. थंडी गेली की औषधाचं पाणी होतं.

काका या कामात असे मुरलेले, की घरी जेवताना कुणी दार उघडं टाकलं तर भरल्या हाताने उठून लावून यायचे. बायको होती तेव्हा म्हणायची, ह्यांचं लग्न दाराशीच लागलंय, मी आपली करवली. लेकीच्या लग्नात पाहुणे पानावर बसले आणि नवरीचा बाप गायब. बघतात तर गोदामात, पारा बघतोय. लेक हसत म्हणाली होती, बाबांना माझ्यापेक्षा बाटल्यांची काळजी.

ती लेक नदीपलीकडे दिलेली. दिली तेव्हा दोन्ही काठ एकाच देशाचे. मग भांडण पेटलं, पलीकडचे वेगळे झाले, आणि त्यांना देश म्हणायचं की नाही यावरच जगाचं घोडं अडलं. संस्थेच्या मोठ्या सभेत त्यांना खुर्ची नाही. खुर्ची नाही म्हणून मागणी करता येत नाही, आणि मागणीशिवाय बाटली हलत नाही. नियम केला त्या काळी असा बिनखुर्चीचा काठ कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. तो बदलायला दरवर्षी सभा बसायची. एकाने नाही म्हटलं की सगळे उठायचे. बारभाईची खेती, काय लागेल हाती.

त्या साली पलीकडे घटसर्पाची साथ आली. आधी पोरं गेली, मग पोरांना शिकवणारी काकांची लेकच पडली. जावयाचा फोन आला. तिचा घसा सुजून बंद होत आलाय, इथं औषध नाही, तुमच्याकडे आहे म्हणतात. काका म्हणाले, आहे. नावाडी तयार होता. नदी काही कुणाला खुर्ची विचारत नव्हती.

बाईंनी वरच्या कचेरीला पुन्हा पुन्हा विनवलं. उत्तर आलं, विषय सुधारणा समितीपुढे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी दार उघडलं. रात्रीचा पहारेकरी गेलेला, दिवसाचा अजून यायचा होता. बाईंनी पारा बघितला, आकडा बोलल्या आणि म्हणाल्या, "काका, जनरेटरचा आवाज वेगळा येतोय. मी बघून येते. मला वेळ लागेल."

दार सताड उघडं टाकून त्या गेल्या. असं त्या कधी करत नसत.

काका आत उभे. हात लांब केला तर बाटल्या. डोळ्यांपुढे लेकीचा सुजलेला घसा. गार वारा पायांवरून बाहेर निघाला होता, तो पोटऱ्यांना लागला आणि जन्मभराच्या सवयीने पाय आपसूक मागे फिरले. बाहेर येऊन त्यांनी दार ओढलं. एक कुलूप दाबलं, दुसरं दाबलं.

बाई बऱ्याच वेळाने परतल्या. काकांचे हात रिकामे, खिसे सपाट, कुलपं लागलेली. फाटकात दिवसाचा पहारेकरी येऊन बसला होता; तो जाणाऱ्या-येणाऱ्याची पिशवी झाडून बघायचा. बाई पायरीवर बसल्या.

"काका, जनरेटरला काही झालं नव्हतं."

काकांना उमजायला वेळ लागला. मग म्हणाले, "मला वाटलं, थंडी जाईल."

उद्या सकाळी, बाई म्हणाल्या. पण उद्याच्या आधी जावयाचा फोन आला.

बाईंनी नोकरी सोडली. सोडण्याआधी त्या मोठ्या सभेत उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या चोरीच्या बेतासकट. नेहमी नाही म्हणणारा त्या दिवशी म्हणे नुसता खाली बघत राहिला. एक कलम बदललं. साथ असेल तिथे डॉक्टरने मागितलं की पुरे, खुर्ची नको. बाकीचा नियम होता तसाच राहिला. वरातीमागून का होईना, घोडं आलं.

पहिली पेटी घेऊन काका स्वतः नावेत बसले. उघड्या दाराची गोष्ट जावयाला सांगून टाकायची, असं ठरवून निघाले होते. पाण्यावर अख्ख्या वाटभर शब्द जुळवले.

पलीकडे पेटी उतरवून घ्यायला जावईच आला होता. दाढी वाढलेली, सदरा बिनबटनाचा. तो पेटीकडे बघत राहिला.

"बाबा, आता कशाला?"

जुळवलेले शब्द ओठांवर आले. पण ऊन चढत होतं आणि पेटी हातात होती.

"धरा, जावईबापू," काका म्हणाले. "थंडी जाईल."