काढ्याचं पातेलं

गोचीड चावून झालेल्या लाईम आजारावर माझा काढा सुरू होता. आठ दिवस झाले, काढा प्यायला की उलटी! सासूबाई म्हणायच्या, “रोग बाहेर पडून राहिला, सोसून घे.” मी सोसलं.

आज वसमतच्या वैद्यांनी पहिलाच प्रश्न केला, “उकळता कशात?”

पितळेच्या पातेल्यात. त्याची आतली कल्हई कधीच उडालेली, पितळ उतरून काढा रोज कळकत होता. वैद्यांनी तूर्त काढा थांबवला.

घरी येऊन सांगितलं. सासूबाई खाली बघत म्हणाल्या, “तुला द्यायच्या आधी मी रोज घोटभर चाखत व्हते. मलाबी मळमळायचं. बोलले असते तर तू औषध सोडलं असतं.”

तुमच्या घरात असं गुपचूप कोण सोसतंय? आजच विचारा.